वारीतले बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे, आणि त्यानंतर हातून जे लिहिले गेले ते वाणसामानाच्या यादीपुरतेच. पण चिटणीसबाईंनी हट्टच धरला की वारीबद्दल चार शब्द सांग, म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल पोटात घालावी.

आमच्या सासूबाई पुष्कळ वर्षे माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जात. २०१८ साली त्यांचे गुडघे धरले आणि डॉक्टरांनी चालणे बंद केले. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या जागेवर तू जा." मी मनातून अगदी घाबरून गेले. लग्न झाल्यापासून सासर आणि माहेर सोडून तिसऱ्या ठिकाणी एक रात्र काढली नव्हती. धाकटा मुलगा आठ वर्षांचा. पण सासूबाईंच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना.

पालखी आळंदीहून निघते ती दुसऱ्या दिवशी पुण्यातच येते आणि इथे दोन रात्री मुक्काम करते. म्हणजे गंमत पाहा, निरोप घेऊन, डोळे पुसून मी घराबाहेर पडले आणि लगेच माझ्याच गावात एका शाळेच्या वर्गात वळकटी टाकून पडले होते! घर रिक्षाने अर्ध्या तासावर. शेजारी सासूबाईंच्या जुन्या सोबतीण, बीडकडच्या आक्का, झोपल्या होत्या. त्यांना हळूच विचारले, "रात्रीपुरती घरी जाऊन येऊ का?" त्या म्हणाल्या, "जा की. पण गेलीस तर परत येणार न्हाईस." मी गेले नाही. भिंतीकडे तोंड करून रडले मात्र. जरा वेळाने पाठीवर हात आला. "कशाला रडायलीस गं? सकाळी तीनला उठायचं हाय."

या आक्का म्हणजे ऊसतोडणीच्या बाई. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको निघायची, ती पाडव्यापर्यंत कारखान्याच्या फडावरच. राहायला उसाच्या पाचटाची कोपी. लेकरे कधी बरोबर, कधी म्हातारीपाशी गावात. त्यामुळे बिऱ्हाड कसे मांडावे आणि कसे उचलावे हे त्यांना जितके कळत होते तितके आपल्यापैकी कोणाला कळत असेल असे वाटत नाही. मुक्कामाला पोचलो की पाच मिनिटांत त्यांची दोरी बांधून लुगडे वाळत पडलेले असायचे. दिवे घाट चढून सासवडला गेलो तेव्हा माझ्या टाचेला मोठा फोड आला होता. आक्कांनी सुईदोरा ओवून त्यातले पाणी काढले. (आपल्या नर्सबाई मान हलवताहेत. त्यांचे बरोबर आहे, पण माझा फोड बरा झाला.) आमच्या दिंडीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक भाजी विकणारी होती, एका बाईंचे तर मोठे दुकान होते. सगळ्याजणी एकमेकींच्या पाया पडायच्या. पहिल्या दिवशी मला त्याचा संकोच वाटला. जेजुरीला भंडाऱ्याने माखून निघालो तेव्हा कोण कोणाची हे पाहायला सवडही नव्हती.

नीरा नदीवर पादुकांना स्नान घालून पालखी लोणंदला येते. तिथे घरून फोन आला. मुलाला डेंग्यू होऊन दवाखान्यात ठेवले होते. यजमान म्हणाले, "ये असे म्हणत नाही, नको येऊ असेही म्हणत नाही." आता अशा बोलण्याला काय उत्तर द्यायचे? मी रात्रभर जागीच. आक्कांनी उपदेश केला नाही. पहाटे मला एसटी स्टँडवर पोचवले, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी पिशवी उचलली तशी ती माझ्या हातातून घेतली. "ही इथंच ऱ्हाऊ दे. पिशवी नेलीस तर सगळंच नेलंस."

दवाखान्यातले ते दिवस मी सांगत नाही, ज्या आया आहेत त्यांना ते ठाऊक आहेत. चौथ्या दिवशी मुलाच्या प्लेटलेट चढू लागल्या, तो खिचडी मागू लागला, आणि सासूबाई काठी टेकत येऊन त्याच्या उशाशी बसल्या. "आता ऊठ," म्हणाल्या. पुढे मला पुष्कळांनी विचारले, मूल अजून अंथरुणावर असताना तुझे पाऊल उचलले कसे? त्यात आपल्या मंडळातल्याही आहेत. खरे सांगते, त्याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. एसटीत बसून मी दोनदा उतरायला उठले होते.

पालखी तोवर तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते करून माळशिरसला पोचली होती. लाखो माणसांत आपली माणसे कशी सापडणार असे तुम्हाला वाटेल. पण दिंड्यांना नंबर असतात, रथापुढच्या वेगळे आणि रथामागच्या वेगळे, आणि त्यांचा क्रम मोडत नाही. मी पोचले तेव्हा समाजआरतीची वेळ होती. चोपदारांनी चोप उंच केला आणि एवढा समुदाय एकदम गप्प झाला. मग हरवल्या-सापडल्या वस्तू सांगतात, कोणाचा चष्मा, कोणाची पिशवी. मी गर्दीच्या कडेला उभी राहून ऐकत होते आणि मला उगीचच वाटले, आता माझेही नाव घेतील.

तंबू सापडला. बायका ओरडल्या, "आली गं, आली!" आक्का काही बोलल्या नाहीत. पिशवी पुढे सरकवली. आत माझा टॉवेल धुऊन घडी करून ठेवला होता. झोपायला गेले तर आक्का आणि शिक्षिकाबाई यांच्यामध्ये माझी वळकटी पसरलेली. मागून भाजीवालीने सांगितले की मी नव्हते त्या सगळ्या रात्री आक्का ती रोज पसरायच्या आणि पहाटे गुंडाळून ट्रकमध्ये टाकायच्या. तंबूत जागा इतकी कमी की बाकीच्या एका कुशीवर झोपल्या, पण तिथे कोणाला पाय पसरू दिला नाही.

२०१९ साली मी पुन्हा गेले. २०२० आणि २०२१ या दोन्ही साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या एकादशीला आक्कांचा फोन आला. दोघीही फारसे बोललो नाही. मागे त्यांचा कोंबडा आरवत होता तो तेवढा आठवतो.

२०२२ साली वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा आक्का आल्या नाहीत, त्यांची कंबर गेली होती. त्यांच्या जागेवर त्यांची सून आली. दीड वर्षाचे मूल आक्कांपाशी ठेवून आलेली. पुण्याच्या मुक्कामात, तशाच एका शाळेच्या वर्गात, पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिची वळकटी माझ्याकडे ओढून घेतली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "ताई, तुमचं घर इथून किती लांब हाय?"

"रिक्षाने अर्धा तास."

"मग जात न्हाई व्हय तुम्ही?"

"तुझ्या सासूला विचार," मी म्हटले, आणि ती पहिल्यांदा हसली.