हाताला येतं ते वहीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी निरोप दिला होता की, नोकरी आणि पगार सोडून काहीही बोला. त्यामुळे संगणक आज घरीच ठेवला आहे. मी बोलणार आहे विणकामाबद्दल. मागच्या रांगेतलं हसू मला ऐकू आलं, आणि ते रास्तच आहे. मे महिन्यात जिथे पारा 45 च्या पुढे जातो, त्या जळगावात लोकरीच्या गोष्टी कोण करतं?

आम्ही करतो. गेली चार वर्षं महिन्यातल्या दोन शनिवारी दुपारी, एका मैत्रिणीच्या घरच्या हॉलमध्ये आम्ही चौदा-पंधरा जणी जमतो. दोघी तर धुळ्याहून येतात, पारोळा-एरंडोल करत बसनं, पिशवीत सुया घेऊन. आमच्या मंडळाला नाव नाही. घरचे लोक त्याला 'लोकरीची भिशी' म्हणतात. पण भिशीत पैसे फिरतात, इथे टाके फिरतात.

उन्हाळ्याचं उत्तर आधी देते. मार्च ते जून आम्ही लोकरीला हात लावत नाही. तेव्हा सुती दोरा आणि क्रोशा. कापसाच्या जिल्ह्यात राहून सुताशी वैर कशाला? तोरणं, टेबलावरचे रुमाल, पिशव्या, लहान मुलांच्या उन्हाळी टोप्या. दिवाळीनंतर लोकर निघते. धुळेकरांना थंडी काय असते ते सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येतेच.

आता मुद्द्यावर येते. आपल्या वेळी कार्यानुभवाचा तास असायचा. मुलींना विणकाम आणि भरतकाम, मुलांना खडू, मेणबत्त्या आणि शाळेमागचे वाफे. बाईंनी आपल्याला सुलट आणि उलट हे दोन टाके शिकवले. दोन सुयांवरचं जगातलं जवळजवळ सगळं विणकाम या दोन टाक्यांतून उभं राहतं, हे मात्र मला आत्ता, चाळिशीत कळलं. माझ्या धंद्यात शून्य आणि एक, इथे सुलट आणि उलट. फरक एवढाच की इथे शेवटी अंगात घालता येतं.

आमच्या मंडळात नव्या बाईला पहिल्या दिवशी स्वेटर घालू देत नाही. आधी एक चौकोन विणायचा, हाताच्या तळव्याएवढा. तो पट्टीनं मोजायचा आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते लिहायचं. समजा 22 बसले. मग 100 सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला 220 टाके लागतील. पण तुमचा हात घट्ट असेल आणि 10 सेंटिमीटरमध्ये 25 टाके बसत असतील, तर त्याच 220 टाक्यांचा घेर 88 सेंटिमीटर होतो. वडिलांसाठी घातलेला स्वेटर मुलाला बसतो तो असा. त्यात लोकरीचा दोष नसतो आणि नजर लागलेली नसते. साधं त्रैराशिक आहे, सातवीतलं.

एलिझाबेथ झिमरमन नावाच्या बाई होत्या. 1910 मध्ये इंग्लंडात जन्मल्या, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झाल्या आणि एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहिल्या. त्यांनी ही गोष्ट आणखी पुढे नेली. अंगाचे टाके 100 टक्के धरा, मनगटाला साधारण 20 टक्के, गळ्याला साधारण 40 टक्के. म्हणजे 220 ला 44 आणि 88. एवढं समजलं की पुस्तकातला नमुना तुमच्या मापाचा नसला तरी अडत नाही, तुमचा स्वेटर तुम्हीच मांडू शकता. आमच्यातल्या एका ताईंनी दहावीला गणितात जेमतेम पस्तीस मिळवले होते. त्या आज ही टक्केवारी तोंडी करतात. गणिताचे सर समोर बसलेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सरांसाठी अजून एक. क्रोशाची एक सपाट चकती करत असताना प्रत्येक फेरीत टाके गरजेपेक्षा जास्त वाढवत गेलं, तर कडेला झालर पडते. आपण म्हणतो, बिघडलं, उसवा. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी नेमकी हीच झालर ठरावीक प्रमाणात वाढवत विणली आणि भूमितीतल्या एका वक्र पृष्ठभागाचं टिकाऊ प्रारूप विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. एका रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून एकच समांतर रेषा जाते, असं आपण शिकलो. या पृष्ठभागावर अशा अनेक रेषा निघतात, आणि त्या दोऱ्याच्या तुकड्यावर घडी घालून दाखवता येतात.

मंडळात येणाऱ्यांपैकी धुळ्याच्या एक मावशी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या हातची बाळाची कुंची बघावी. कडेला पानांची जाळी असते. ती जाळी मी कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही. त्यांना ती त्यांच्या आत्यानं शिकवली, आत्याला कोणी ते माहीत नाही. आम्ही म्हटलं, मावशी, सांगा ना, लिहून घेतो. त्या म्हणाल्या, "मन्हा हातले माहीत शे, तोंडले नही."

हे वाक्य मी कामाच्या ठिकाणीही अनेकदा ऐकलं आहे, फक्त अहिराणीत नाही. जुना अनुभवी माणूस सगळं चालवत असतो आणि तो निवृत्त झाल्यावर कळतं की काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून आम्ही चिकाटी धरली. चार शनिवार मावशी विणत होत्या आणि आम्ही तिघी त्यांच्या हातांकडे बघत होतो. एक जण मोठ्यानं बोलायची: दोन एकत्र, धागा पुढे, सुलट. दुसरी चौकटींच्या वहीत भरायची. रिकामी चौकट म्हणजे सुलट, टिंब म्हणजे उलट, गोल म्हणजे जाळीचं छिद्र. समोरच्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, मागची डावीकडून उजवीकडे. मागच्या बाजूला सुलट दिसण्यासाठी उलट विणावं लागतं, हे तिथेच लिहून ठेवलं. तिसरी, वही बघून, मावशींकडे न बघता, विणून बघायची. जिथे तिचं अडलं तिथे वहीत काहीतरी राहिलेलं असायचं. पाचव्या शनिवारी तिची जाळी मावशींच्या जाळीवर ठेवली आणि पानाला पान जुळलं.

गेल्या वर्षीपासून मावशींची बोटं सुजतात. त्या आता विणत नाहीत, येऊन बसतात आणि आमचं विणणं बघतात. ती कुंची सध्या बारावीतली एक मुलगी विणते आहे. वही नसती तर ती जाळी मावशींच्या बोटांबरोबरच थांबली असती.

आपल्या मातीत याचं मोठं उदाहरण आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना त्या ओव्या रचत गेल्या आणि घरातल्या मुलांनी त्या ऐकून टिपून ठेवल्या. 1951 मध्ये त्या गेल्या, 1952 मध्ये पुस्तक आलं. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. प्रतिभा त्यांची होतीच, पण कुणी टिपलं नसतं तर ती त्या घरापुरतीच राहिली असती. कुंची ही काही कविता नव्हे, मला मान्य आहे. पण आपल्या आया, काकू, मावशी यांच्या हातांत जे आहे ते टिपायला आपण कधी वही घेऊन बसलो का?

दुसरी वही पैशांची आहे. तिच्यामुळे आमच्यात थोडी भांडणंही झाली. आमच्यातल्या एक ताई एका दुकानासाठी बाळाचे सेट विणायच्या: स्वेटर, टोपडं, मोजे. एका सेटचे 350 रुपये मिळायचे. त्यांना म्हटलं, या वेळी घड्याळ लावून विणा. 19 तास लागले. लोकर 180 रुपयांची, तीही त्यांचीच. म्हणजे हातात राहिले 170, तासाला नऊ रुपयेसुद्धा नाहीत. ताई म्हणाल्या, "अगं, टीव्ही बघता बघता विणते मी, त्याचे कसले पैसे?"

हा प्रश्न नवा नाही. आंध्रातल्या नरसापूरला क्रोशाच्या लेसचं काम घराघरांत चालतं आणि माल परदेशी जातो. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक 1982 मध्ये आलं. दिवसाचे कितीतरी तास लेस करणाऱ्या बायकांना 'घरी बसून फावल्या वेळात करणाऱ्या' समजलं जातं आणि म्हणून मजुरी कमी राहते, हे त्यांनी मांडलं. याच्या उलट जुन्या युरोपात विणकऱ्यांचे संघ होते. ते बहुतांशी पुरुषांचे असत. तिथे वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागे आणि काही शहरांत परीक्षेसाठी नक्षीचा मोठा गालिचा हातानं विणून द्यावा लागे, तेव्हा कारागीर 'उस्ताद' ठरे. सुया त्याच, टाके तेच. संघानं केलं तेव्हा तो व्यवसाय होता, बाईनं घरी केलं की तो विरंगुळा झाला.

ताईंनी दुकानाचं काम सोडलं आणि सेटची किंमत 900 रुपये लावली. पहिले दोन महिने एकही सेट गेला नाही. घरी बोलणी बसली, आमच्यावरही राग निघाला. मग ओळखीतून बारशाची एक मागणी आली, त्यातून दुसरी. आता महिन्याला दोन-तीन सेट जातात. पूर्वीपेक्षा कमी विणतात आणि जास्त मिळवतात. फार मोठी रक्कम नाही. पण नातवाच्या शाळेची फी त्यांनी स्वतः भरली, आणि त्या दिवशी मंडळात पेढे आले. सगळ्याजणी विकत नाहीत, विकावंच असाही आग्रह नाही. भेट द्यायची तर खुशाल द्या. फक्त वहीत तास लिहा. किती तासांची भेट दिली, हे देणारीला तरी माहीत असावं.

बायका एकत्र आल्या की काय होतं, याचा एक आकडा सांगते. 31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं जगातल्या सर्वांत मोठ्या क्रोशाच्या चादरीचा विक्रम केला, 11,148.5 चौरस मीटर. आपल्या हिशोबात पावणेतीन एकर, म्हणजे 2 एकर 30 गुंठे. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी चौकोन विणले आणि ते एकत्र जोडले. नंतर त्याच्या चादरी गरजूंना वाटल्या. प्रत्येक चौकोन एकाच मापाचा हवा होता. माझा तळव्याएवढा चौकोन आठवतोय ना? मोजमाप शिकल्याशिवाय दोन चौकोनही जुळत नाहीत, पावणेतीन एकर तर दूरच.

आता मागणं. माजी विद्यार्थी संघानं शाळेला काय द्यावं यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. पंखे, पाण्याची टाकी, संगणक, सगळं द्यावं. माझं मागणं बिनखर्चाचं आहे. शाळेची एक खोली महिन्यातल्या दोन शनिवारी दुपारी उघडी मिळावी. आम्ही येऊ, सुया आणि दोरा आमचा. आठवी-नववीच्या मुलींना शिकवू आणि मुलांनाही. आमच्या कॉलनीतला एक मुलगा आईबरोबर यायचा, कंटाळून त्यानं क्रोशाची सुई उचलली आणि आज साखळी आणि खांब आमच्यापेक्षा वेगानं घालतो. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की हे मुलींचं काम आहे. कृपा करून सांगू नका.

आणि तुम्हा सगळ्यांना एक काम. घरी गेल्यावर कपाट उघडा. आईनं, आजीनं, सासूबाईंनी विणलेला एखादा स्वेटर, रुखवतातलं तोरण, बाळाचं टोपडं नक्की सापडेल. विणणारी असेल तर तिच्याशेजारी वही घेऊन बसा आणि तिला हळू विणायला सांगा. नसेल तर ती वस्तू शाळेत आणा, आम्ही टाके मोजून लिहून घेऊ. वहीत नमुन्याच्या वर तिचं नाव आणि गाव लिहू. आतापर्यंत आमच्या वहीत 31 नमुने झाले आहेत. पहिल्या पानावर मावशींची कुंची आहे.

पुढचं पान कोरं आहे.