पान कोणाच्या मालकीचे?



अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात, महामंदीच्या ऐन काळात, शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांनी सायक्लोस्टाइल केलेले एक छोटे मासिक काढले. जेरी सीगल लिहीत असे, जो शुस्टर चित्रे काढीत असे. त्या मासिकाचे पाचच अंक निघाले. परंतु १९३३ च्या जानेवारीतील अंकातल्या त्यांच्या एका कथेत ‘सुपरमॅन’ अवतरला. त्या कथेतील सुपरमॅन खलपुरुष होता, पुढे जगभर गाजलेला नायक नव्हे; पण बीज तेथेच पडले. पाच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, याच दोघांनी नायक सुपरमॅनची तेरा पानांची पहिली कथा एका प्रकाशन कंपनीला दिली. पानामागे दहा डॉलर या दराने १३० डॉलर त्यांना मिळाले, आणि त्या मोबदल्यात पात्रावरील सर्व हक्क त्यांनी लिहून दिले. पुढे त्या पात्राने कोट्यवधी डॉलर मिळवले; निर्माते मात्र वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. अखेर १९७५ मध्ये, त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची हलाखी चव्हाट्यावर मांडल्यानंतर, प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर आणि निर्माते म्हणून नावाचा उल्लेख एवढे कंपनीने मान्य केले. तोपर्यंत दोघांचीही साठी उलटली होती.

हे उदाहरण सर्वश्रुत आहे. पण त्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. १९३३ मध्ये आणि १९३८ मध्ये चित्र काढणारा हात तोच होता, लिहिणारी बुद्धी तीच होती. बदलली ती फक्त पानाची मालकी. पहिले पान गरीब होते, पण त्यांचे होते. दुसरे पान देखणे छापले गेले, पण छापले जाण्याआधीच ते परक्याचे झाले होते.

आज अनेक होतकरू तरुण-तरुणी एकत्र येऊन चित्रकथांचा सामाईक संग्रह स्वतःच छापावा असा विचार करतात. त्यांची चर्चा बहुधा कागद कोणता, आकार केवढा, मुखपृष्ठ रंगीत की एकरंगी, येथून सुरू होते. हे प्रश्न गैर नाहीत. पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न मालकीचा आहे, आणि समाजवादी विचाराच्या माणसाला तो नवा नसावा.

सामाईक संग्रहामागचे अर्थशास्त्र साधे आहे. छपाईत काही खर्च असा असतो की तो प्रती शंभर काढा वा हजार, फारसा बदलत नाही. हा स्थिर खर्च एकट्याला पेलत नाही, आठ जणांना पेलतो. समजा, आठ जणांनी प्रत्येकी आठ पाने केली. चौसष्ट पाने झाली, म्हणजे सोळा पानी चार फर्मे. पाचशे प्रतींचा सर्व खर्च ४०,००० रुपये धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५,००० रुपये येतात. किंमत १५० रुपये ठेवली आणि प्रती हातोहात विकल्या, तर २६७ प्रतींत घातलेले पैसे निघतात. म्हणजे प्रत्येकाने सुमारे ३४ प्रती खपवायच्या. एवढी ओळखीची माणसे कोणाच्याही गावात असतात. शिवाय एकाच्या ओळखीने आलेला वाचक उरलेल्या सात जणांचाही वाचक होतो. हा लाभ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण नवोदिताच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा असतो.

आता त्याच प्रती दुकानांतून विकल्या आणि दुकानदाराने चाळीस टक्के वटणावळ घेतली, तर हाती ९० रुपये येतात. मग पैसे निघण्यासाठी ४४५ प्रती खपाव्या लागतात. सर्व पाचशे प्रती खपल्या तरी शिल्लक उरते ती फक्त ५,००० रुपये; त्यात पुढील अंकाचा एक फर्माही निघणार नाही. हातोहात विक्रीत हीच शिल्लक ३५,००० रुपये होते आणि पुढील अंक जवळजवळ उभा राहतो. तेव्हा वितरण ही अंक छापून झाल्यावर सुचणारी गोष्ट नव्हे. ती आधी ठरवायची गोष्ट आहे.

या हिशेबात अजून एक रकाना रिकामा आहे. तो श्रमाचा. एका पानाला दोनच दिवस लागतात असे धरले तरी चौसष्ट पानांना १२८ दिवस लागतील. सर्व प्रती हातोहात खपल्या तरी त्या शिलकीतून दिवसाला सुमारे २७३ रुपये पडतात. म्हणजे शहरातील बिगाऱ्याच्या रोजाहूनही कमी. हे सत्य नवोदितांपासून लपवू नये. असा संग्रह पोट भरत नाही. तो देतो ती वेगळी गोष्ट आहे: स्वतःच्या कामावरील हक्क, आणि तो हक्क न गमावता वाचकांपर्यंत पोहोचण्याची वाट.

ही वाट अनेकांनी चालून दाखवली आहे. १९६८ मध्ये सान फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब याने ‘झॅप’चा पहिला अंक एकट्याच्या चित्रांनी भरला आणि तो बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला. दुसऱ्या अंकापासून त्याने इतर चित्रकारांना सामील करून घेतले. या प्रवाहातील चित्रकारांनी आपल्या चित्रांचे हक्क स्वतःकडे ठेवले, ही त्यांची खरी क्रांती. पण त्या प्रवाहात पुरुषांचाच वरचष्मा होता. स्त्रियांची चित्रणे तर अनेकदा हिडीस असत. तेव्हा १९७२ मध्ये स्त्री-चित्रकारांनी ‘विमेन्स कॉमिक्स’ काढले. त्याला कायमचा संपादक नव्हता. संपादनाची जबाबदारी आळीपाळीने फिरत असे आणि नवख्यांना मुद्दाम जागा दिली जाई. वीस वर्षांत सतराच अंक निघाले, पण १९९२ पर्यंत ते टिकले. त्याउलट, याच प्रवाहातील बहुतेक प्रकाशने एका विशिष्ट प्रकारच्या दुकानांवर विसंबून होती. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरविताना स्थानिक समाजाचे निकष लावण्यास मुभा दिली, तेव्हा दुकानदार धास्तावले आणि विक्रीचा कणाच मोडला. विक्री दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, याचा हा धडा आहे.

जपानने या प्रश्नाला दिलेले उत्तर अधिक मूलगामी आहे. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योमध्ये हौशी चित्रकथाकारांच्या बत्तीस मंडळांनी आपापली स्वप्रकाशित पुस्तके विकण्यासाठी एक बाजार भरविला. सुमारे सातशे माणसे आली. ‘कॉमिकेट’ या नावाने आज तो लाखोंच्या संख्येने भरतो. तरीही तो स्वयंसेवक चालवितात, आणि तेथे विकणारा, विकत घेणारा व व्यवस्था पाहणारा हे सारे ‘सहभागी’ मानले जातात. ‘ग्राहक’ हा शब्द तेथे कटाक्षाने टाळला जातो. बाजार असूनही तो व्यापाऱ्याचा नाही.

फ्रान्सचे उदाहरण यशाचेही आहे आणि इशाऱ्याचेही. १९९० मध्ये पॅरिसला काही चित्रकारांनी ‘लासोसिआसिओं’ ही संस्था काढली. बड्या प्रकाशनगृहांचा ठरावीक पानांच्या, रंगीत, पुठ्ठा-बांधणीच्या पुस्तकांचा साचा त्यांना नको होता. १९९२ पासून ‘लापँ’ हे त्यांचे सामाईक नियतकालिक निघू लागले. २००० ते २००३ या काळात इराणी लेखिका मार्जान सात्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ याच संस्थेने चार भागांत छापले आणि त्याला अफाट खप मिळाला. पण पुढे संस्थापकांत फाटाफूट झाली, आणि जानेवारी २०११ मध्ये नोकरकपातीच्या विरोधात संस्थेच्या कर्मचाऱ्यांनाच संप करावा लागला. साचा मोडण्यासाठी जमलेल्या कलावंतांच्या दारात त्यांचेच कामगार उभे राहिले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला या घटनेचे नवल वाटू नये. ज्याचा ऊस त्याच्याच मालकीचा कारखाना, ही थोर कल्पना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी साकार केली. आणि पुढे किती तरी ठिकाणी सभासद नावापुरता व कारखाना एका घराण्याचा, अशी अवस्था झालेली याच महाराष्ट्राने पाहिली. सहकार कागदावर नोंदवून टिकत नाही. हिशेब उघडा असेल आणि खुर्ची फिरती असेल, तरच तो टिकतो. आठ जणांच्या संग्रहालाही हाच नियम लागू आहे.

मराठीत या प्रयोगासाठी लागणारी परंपरा नाही असेही नाही. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी १९६४ ते १९९० या काळात ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून वेताळ वाचला, तो भाषांतराने आलेला. परंतु साहित्यात, विशेषतः १९६० च्या दशकात, लघुअनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांची दारे न ठोठावता स्वतःची पाने काढली. कोणी सायक्लोस्टाइल करून, कोणी मिळेल त्या कागदावर. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले ही नावे त्या चळवळीशी निगडित आहेत. ती अनियतकालिके बहुतेक अल्पायुषी ठरली. त्यांनी पुढे आणलेले लेखक मात्र राहिले. नवोदितांनी त्या शब्दातील ‘अनियत’ जरूर घ्यावे. दर महिन्याला अंक काढण्याची शपथ घेऊन तिसऱ्या महिन्यात मोडून पडण्यापेक्षा वर्षाला एकच, पण सांगितल्या दिवशी निघणारा अंक बरा.

आणि चळवळीचा प्रश्न? ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हे नर्मदेवरील धरण आणि तेथील आदिवासी यांच्या लढ्यावरील चित्रकथेचे पुस्तक १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण गटाने छापले. व्यापारी प्रकाशकाने नव्हे, चळवळीच्या जवळच्या गटाने. पुढे सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत ‘पाओ कलेक्टिव्ह’ स्थापन केले, आणि त्यांचा सामाईक संग्रह २०१२ मध्ये निघाला. ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने तर कार्यकर्त्यांनाच चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढायला शिकविले: दोन साधे कागद जोडायचे, गोष्ट काढायची, झेरॉक्स करून चहाच्या टपरीवर चिकटवायची.

येथे पक्षकार्यकर्त्यांनी थोडे आत्मपरीक्षण करावे. चळवळीला चित्रकाराची आठवण होते ती बहुधा मोर्च्याच्या आदल्या रात्री. फलक रंगवून झाला की त्याचे नावही कोणाला आठवत नाही, आणि मोबदल्याचा विषय काढणे म्हणजे ध्येयनिष्ठेचा अभाव समजला जातो. भांडवलदाराने पानामागे दहा डॉलर तरी दिले होते. चळवळ पुष्कळदा चहावर भागविते. श्रमाला मोल मागणाऱ्यांनी चित्रकाराचा श्रम फुकट घ्यावा, ही विसंगती आहे. तसेच, तरुणांच्या संग्रहाला मदत करताना त्याला पक्षाचे पत्रक बनविण्याचा मोहही आवरला पाहिजे. जागा द्यावी, प्रती खपवाव्यात, शाखेच्या बैठकीत एक टेबल मांडू द्यावे; आतील चौकटींत काय असावे हे काढणाऱ्यावर सोडावे.

नवोदितांनी पहिल्याच बैठकीत, चित्राची एक रेघही ओढण्यापूर्वी, एक पानभर करार लिहून काढावा. प्रत्येक कथेचा व पात्राचा हक्क निर्मात्याकडेच राहील. संग्रहाला ती एकदाच छापण्याची परवानगी असेल. पाने सर्वांना सारखी, मतही प्रत्येकाला एकच. ज्याने जास्त पैसे घातले त्याला जास्त मते नाहीत. संपादक दर अंकाला बदलेल, पण त्या अंकापुरता त्याचा शब्द अखेरचा राहील. ठरल्या तारखेस ज्याची पाने आली नाहीत त्याच्यासाठी छपाई थांबणार नाही. मांडणी करणारा, अक्षरे लिहिणारा, गठ्ठे वाहणारा यांचेही नाव छापले जाईल आणि शिलकीत त्यांचाही वाटा राहील. आणि जमाखर्च शेवटच्या पानावर, वाचकाला दिसेल असा छापला जाईल.

मैत्रीत असले कागद कशाला, असे कोणी म्हणेल. सीगल आणि शुस्टर यांचीही एक सही झाली होती. ती त्यांनी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर केली. स्वतःचा कागद स्वतः लिहिण्याची सवय पहिल्या अंकापासून लागली, तर पुढे कधी मोठा प्रकाशक दारात उभा राहिला तरी सही करण्यापूर्वी हात क्षणभर थांबेल. चौसष्ट पानांच्या आणि पाचशे प्रतींच्या एका लहान पुस्तकाने एवढे शिकविले, तरी ते छापण्याचे श्रम वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.