लशीची भीति आणि विद्यार्थिवर्ग



कर्करोगाचें नांव निघतांच घरांतील बोलणें हलक्या आवाजांत होऊं लागतें. आणि तो गर्भाशयाच्या मुखाचा असेल, तर तें बहुधा थांबतेंच. या मौनाची किंमत थोडीथोडकी नाहीं. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत भारतांतील सुमारें १ लक्ष २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला, व जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. ज्याचें कारण निश्चितपणें ठाऊक आहे, अशा मोजक्या कर्करोगांपैकीं हा एक आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही हानि अधिकच बोंचते.

तें कारण म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नांवाचा विषाणु. जर्मन संशोधक हाराल्ड झुर हाउझेन यांनीं १९८३ व १९८४ सालीं त्याचे १६ व १८ या क्रमांकांचे प्रकार या रोगांत आढळतात, असें दाखविलें. २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणूचे प्रकार दोनशेंहून अधिक. परंतु या कर्करोगाचे शेंकडा सुमारें ७० रोगी या दोहोंमुळेंच होतात. तो शरीरसंबंधांतून पसरतो, आणि इतका सर्वत्र आहे कीं, बहुतेक स्त्रीपुरुषांना केव्हां ना केव्हां त्याची बाधा होते. बहुतेकांच्या शरीरांतून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्यांच्या शरीरांत मात्र ठाण मांडून बसतो, व पंधरा-वीस वर्षांनीं रोगाच्या रूपानें प्रकट होतो.

विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींपुढें लशीचा विषय काढला, म्हणजे चार उत्तरें हटकून येतात.

पहिलें मुलांचें: ‘हा बायकांचा रोग, आमचा काय संबंध?’ संबंध दुहेरी आहे. हा विषाणु पुरुषांकडूनहि पसरतो, आणि पुरुषांत घशाच्या व इतर कांहीं अवयवांच्या कर्करोगास कारण होतो.

दुसरें मुलींचें, आणि बहुधा मनांतल्या मनांत दिलेलें: ‘लस घेतली तर लोक काय म्हणतील?’ परंतु विषाणूशीं गांठ पडण्यापूर्वीं घेतली तरच ही लस पूर्ण गुणकारी होते. म्हणूनच ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना देण्याचा जगभर प्रघात आहे. छत्री घेऊन निघणारा मनुष्य पावसाला आमंत्रण देत नाहीं; त्याच्या चारित्र्याची चौकशीहि कोणी करीत नाहीं.

तिसरें उत्तर: ‘आतां वय उलटून गेलें.’ इंग्लंडमधील अनुभव २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. बारा-तेरा वर्षांच्या वयांत ज्यांना लस मिळाली, त्यांच्यांत हा कर्करोग शेंकडा ८७ नीं घटला. सोळा ते अठरा वर्षांच्या वयांत मिळाली, त्यांच्यांत शेंकडा ३४ नीं. उशीर झाला म्हणजे लाभ कमी होतो, नाहींसा होत नाहीं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या व २०२२ सालीं मान्यता मिळालेल्या लशीची परवानगी नऊ ते सव्वीस वर्षांच्या मुलामुलींसाठीं आहे. मात्रा किती घ्याव्यात, हें वयावर अवलंबून असल्यानें डॉक्टरांस विचारावें.

चौथें उत्तर भीतीचें, आणि त्याला इतिहास आहे. आंध्र प्रदेश व गुजरात येथील एका लसीकरण-प्रकल्पांतील सात मुलींच्या मृत्यूनंतर तो प्रकल्प २०१० सालीं थांबविण्यांत आला. मृत्यूंचा लशीशीं संबंध असल्याचें चौकशींत दिसून आलें नाहीं. परंतु आंध्रांत आईबापांऐवजीं वसतिगृहांच्या अधिकाऱ्यांनींच अनेक संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या, हें उघड झालें. पद्धतीवरील रोष न्याय्य होता. लशीवरील संशय मात्र टिकला नाहीं. त्याच वेळीं मात्रांची संख्या ठरविणारा दुसरा एक प्रयोगहि बंद पडला, व कित्येक मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांच्यावर पुढें दहा वर्षें लक्ष ठेवलें असतां, त्या एका मात्रेनेंहि वरील दोन प्रकारांच्या चिवट बाधेपासून शेंकडा सुमारें ९५ संरक्षण मिळतें, असें २०२१ सालीं दिसून आलें.

भीतीची दुसरी कथा जपानची. २०१३ सालच्या जूनमध्यें तेथील सरकारनें लशीची शिफारस थांबविली, आणि शेंकडा ७० पर्यंत पोंचलेलें लसीकरण शेंकडा एकाच्याहि खालीं आलें. शिफारस पुन्हां सुरू झाली २०२२ सालीं. मधल्या काळांतील कित्येक मुली तोंपर्यंत महाविद्यालयांत जाऊन पोंचल्या होत्या.

विद्यार्थी सज्ञान असतो. त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणी सही करण्याचें कारण उरत नाहीं. परंतु लशीचा खर्च बहुधा वडीलच देतात, म्हणून हा विषय घरांत निघावाच लागतो. तो निघेल तेव्हां आईचीहि आठवण ठेवावी. तिच्या तरुणपणीं ही लस नव्हती. परंतु तपासणी आज आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील एक लक्षाहून अधिक स्त्रियांच्या पाहणींत, या विषाणूसाठीं केलेल्या एकाच तपासणीनें या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले, असें २००९ सालीं सिद्ध झालें. लस घेतलेल्या मुलीलाहि पुढें ही तपासणी चुकत नाहीं. कारण लस सर्व प्रकारांना अडवीत नाहीं.

तेव्हां मुलीनें लशीसाठीं पैसे मागितले, तर तिला कारण विचारण्याऐवजीं वेळ कोणती ठरली आहे, तें विचारावें. आणि त्याच दिवशीं आईची तपासणीहि ठरवावी.