लुकलुकता प्रकाश व मुलांना दिसणाऱ्या आकृती



दिवस कलताना झाडांच्या रांगेतून मोटार धावू लागली, की खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या मुलाच्या पापण्यांवर ऊन व सावली भराभर आळीपाळीने पडतात आणि त्यास रंगीत चौकटी, चक्रे, नागमोडी रेषा दिसू लागतात. असे मूल वर्गात हा अनुभव सांगू लागल्यास त्यास थापाड्या ठरवू नये. आकृती त्यास खरोखरच दिसलेल्या असतात. त्या उमटतात मात्र मेंदूत.

बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने १८१९ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून, तो पसरलेली बोटे डोळ्यांसमोरून हालवी. तेव्हा त्यास बुद्धिबळाच्या पटासारखी घरे दिसत. पुढे १९३४ साली केंब्रिज येथील एड्रियन व मॅथ्यूज यांनी दाखवून दिले की, लुकलुकणाऱ्या प्रकाशाबरोबर मेंदूतील विद्युत्-लहरीही तोच ताल धरतात.

डोळ्यांकडून निघालेले संदेश मेंदूच्या पाठीमागील भागात पोहोचतात. तेथे दृश्याचा एक नकाशाच असतो. परंतु तो समप्रमाण नसतो. नजरेच्या मध्याला त्यात फार मोठी जागा, कडांना थोडी. प्रकाश सेकंदाला दहाच्या आसपास वेळा लुकलुकला, की तेथील पेशी एका तालात उद्दीपित होतात व त्या उद्दीपनाचे पट्टे तयार होतात. पट्टे सरळ असले तरी नकाशाच्या या ठेवणीमुळे ते वर्तुळे, किरण वा मळसूत्री वळणे म्हणून भासतात. एर्मेंट्राउट व कोवन यांनी १९७९ साली याचे गणित मांडले. भूतबाधेशी याचा काडीचाही संबंध नाही.

तथापि हा प्रयोग वर्गात करून दाखवू नये. थोड्या मुलांच्या मेंदूस हा ताल सोसत नाही व अपस्माराचा झटका येतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवरील 'पोकेमॉन' या चित्रमालिकेत तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून झळकला आणि जवळजवळ ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. कित्येकांना पूर्वी कधीही झटका आलेला नव्हता.

शाळेतील पंख्याचेही गणित करून पाहावे. तीन पात्यांचा पंखा मिनिटास ३०० फेरे घेत असेल आणि दिवा त्याच्या वर असेल, तर खाली बसलेल्या मुलाच्या डोळ्यांवर प्रकाश सेकंदाला १५ वेळा तुटतो. आणि १५ ते २५ हाच पल्ला सर्वांत घातक. दिवा पंख्याखाली घ्यावा, निदान त्या मुलाची जागा बदलावी. लुकलुकीने त्रास होऊ लागल्यास मुलाने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण प्रकाश पापण्यांतून आत शिरतो.

झटका आलाच तर कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ कापड द्यावे, झटका ओसरताच मुलास कुशीवर वळवावे व घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.