शाल नको, माणूस टिकवा



अध्यक्षाने शेवटी चार गोड शब्द बोलावेत आणि लोकांना जेवायला सोडावे, अशी आपल्याकडची रीत आहे. माझ्याआधीच्या वक्त्यांनी गोडव्याचा माझाही वाटा वापरून टाकला आहे, त्यामुळे मला ती अडचण उरलेली नाही. ‘ही देवाची लेकरं आहेत’ असे एकाने सांगितले. ‘पूर्वपुण्याई असल्याशिवाय अशी मुलं पोटी येत नाहीत’ असे दुसऱ्याने सांगितले आणि टाळ्या घेतल्या. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शाळेत माझी सारी नोकरी झाली. तिथे एकाही आईच्या तोंडून मी पूर्वपुण्याई ऐकली नाही. आई काय म्हणते, ते इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. ‘देवा, याला माझ्याआधी एक दिवस ने.’ पोटच्या मुलासाठी हे मागणे मागायची वेळ ज्या समाजाने आईवर आणली, त्याने करुणेवर व्याख्याने देऊ नयेत. निदान त्या आईसमोर तरी देऊ नयेत.

आता पैशाकडे येते, कारण करुणेच्या सभेत पैशाचे नाव काढणे आपल्याला अशिष्ट वाटते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. महाराष्ट्रात 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा, असा नियम आहे. मग या निधीचे होते काय? वर्षभर कोणाला त्याची आठवण नसते. मार्चअखेर आला की मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, वस्तूंचे वाटप होते, फोटो निघतात. ज्याला चाकाची खुर्ची लागते त्याला ती मिळालीच पाहिजे, आणि ती त्याच्या मापाची असली पाहिजे. त्याबद्दल वादच नाही. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून कोल्हापुरात संस्था उभी केली. त्या खुर्चीची किंमत मला कोणी शिकवायला नको. पण पाय धडधाकट असलेल्या आणि बोलता न येणाऱ्या मुलाला तुम्ही काय वाटणार? त्याला लागते ते त्याचे म्हणणे समजणारे माणूस, आणि आपल्या वाटपाच्या यादीत माणूस नसते.

एक उदाहरण सांगते. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगणार नाही. एका संरक्षित कार्यशाळेत पंचविशीचा एक मुलगा होता. दिवाळीच्या आधी तिथे पणत्या रंगवायचे आणि उटण्याची पाकिटे भरायचे काम चाले. तो पाकिटे भरायचा, बोलत नसे. तिथल्या ताईला त्याची भाषा येत होती. त्याने शर्टाची कॉलर तोंडात धरली की त्याला लघवीला जायचे आहे. डावा कान दाबून धरला की मिक्सरचा आवाज सोसत नाही. पाकीट उलटे ठेवले की आजचे काम पुरे झाले. हे तिला कोणत्याही प्रशिक्षणात कळले नव्हते. रोज शेजारी बसून कळले होते. पुढे ती ताई गेली. तिच्या गावातल्या किराणा दुकानात तिला जास्त पगार मिळाला. नवी आली, तिला कॉलरचा अर्थ ठाऊक नव्हता. मुलाने कपड्यात केले, ती ओरडली, त्याने तिला ढकलले. नोंदवहीत ‘हिंसक वर्तन’ असा शेरा पडला. डॉक्टरांकडे नेले, गोळ्या वाढल्या. मुलगा दिवसभर खाली मान घालून बसू लागला आणि महिन्याच्या अहवालात लिहिले गेले, ‘वर्तनात सुधारणा’.

मी तो अहवाल वाचला आहे. त्यात कोणी दुष्ट नाही. ओरडणारी नवी ताई दमलेली होती, डॉक्टरांना जे सांगितले त्यावर त्यांनी औषध दिले. पण कॉलरचा अर्थ जिला माहीत होता, ती बाई किराणा दुकानात साखर तोलत होती आणि तिला परत आणावे असे संस्थेत कोणाला सुचलेही नाही. त्याच वर्षी त्या संस्थेने प्रवेशद्वारावर कमान बांधली. कमानीवर देणगीदाराचे नाव आहे.

यावर लगेच ऐकू येते, ‘मॅडम, पगार वाढवून प्रेम येतं का?’ येत नाही. पण पगार नसला की माणूस जाते, आणि गेलेल्या माणसाचे प्रेम त्या मुलाच्या काय कामाचे? ओळख व्हायला वेळ लागतो. सेवा म्हणून आयुष्य वाहून घेणारी माणसे आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्या त्यागाच्या आडून बाकीच्यांना तुटपुंज्या मानधनावर राबवायचे, हा धंदा मला मान्य नाही.

ही ओळख, हे नाते नसले की काय होते, याचा दाखला शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले गेले की त्यांना पाळीच्या दिवसांत स्वच्छता ठेवता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी आमच्याच क्षेत्रातली कितीतरी मंडळी म्हणत होती, ‘त्यात काय वाईट? मुलींचे हालच वाचले.’ आजही खासगीत म्हणतात. मी शिकवले आहे अशा मुलींना. चड्डीवर रंगीत धाग्याने पॅडची आकृती शिवायची, म्हणजे पॅड कुठे बसवायचे ते दिसते. आधी बाहुलीवर लाल शाईने दाखवायचे. रोज त्याच मोरीत, त्याच बाईने, त्याच क्रमाने करून घ्यायचे. महिने जातात. काही मुली पूर्ण शिकतात, काही अर्ध्या शिकतात, काहींना शेवटपर्यंत मदत लागते. पण शिकवायला जी एक बाई मुलीजवळ राहावी लागते, ती ठेवण्यापेक्षा शस्त्रक्रिया सोपी वाटली. शिरूरचा हिशेब एवढाच आहे, आणि तो मी शांतपणे सांगू शकत नाही.

कायदेपंडितांसाठी एक गोष्ट. 2016 च्या कायद्याचे कलम 14 वाचा. मर्यादित पालकत्व म्हणजे पालक आणि अपंग व्यक्ती यांनी परस्पर समजूत आणि विश्वास यांवर मिळून घेतलेले निर्णय, ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक मुदतीपुरते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. नाते हा आम्हा बायकांचा हळवेपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते कायद्यात वाचावे. आपण मात्र मूल 18 वर्षांचे झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा कागद घेतो, कपाटात ठेवतो, आणि त्यानंतर मुलाला कधी विचारत नाही, ‘तुला काय हवं?’ होय पालकांनो, हे तुम्हालाही लागू आहे. चाळिशीतल्या मुलाला अजून ‘बाळ’ म्हणून हाक मारता आणि त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा तुम्हीच ठरवता.

आणि आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. नाते म्हटले की सगळे पवित्र, असे मानू नका. फ्रान्समध्ये 1964 साली जाँ व्हानिए यांनी संस्थेत खितपत पडलेल्या दोन अपंग पुरुषांना घरी आणून त्यांच्यासोबत राहायला सुरुवात केली. त्यातून लार्श ही चळवळ जगभर गेली; बंगळूर, चेन्नई, कोलकात्याची आशा निकेतने त्यातलीच. सोबत राहणे हीच मदत, ही त्यांची कल्पना आजही मला पटते. पण 2019 मध्ये ते वारले आणि 2020 मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीत निघाले की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. हे त्यांच्याच संस्थेने जगासमोर मांडले, हे विसरू नका. आपल्याकडे संस्थाचालकाला ‘दादा’ किंवा ‘माई’ म्हटले की त्याच्या खोलीचे दार वाजवायची कोणाची हिंमत होत नाही. जिथे माया जास्त सांगितली जाते तिथे तपासणी जास्त हवी. बाहेरचे माणूस न सांगता येऊन मुलांशी एकट्याने बोलू शकते का, एवढे विचारा. ‘नाही’ म्हणणारी संस्था असेल तर तिथून आपले मूल घरी आणा.

घरचेही ऐकून घ्या. या मांडवात आया किती आणि वडील किती, ते मी मोजत बसत नाही, दिसते आहे. आईला चार दिवस माहेरी जाता यावे म्हणून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाने ‘समर्थ’ ही अल्पमुदतीच्या निवाऱ्याची योजना आखली, काळजीवाहक घडवायला ‘सहयोगी’, मोठ्या झालेल्यांना राहायला ‘घरौंदा’. नावे सुंदर आहेत. तुमच्या तालुक्यात यातले काय चालू आहे, ते इथून गेल्यावर तहसीलदारांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

स्वागताध्यक्षांनी मला सत्काराची शाल दिली, त्याबद्दल आभार. पुढच्या वर्षी सत्काराचा खर्च वगळा. मी आता ठराव मांडते. पाच टक्के निधीतला ठरावीक वाटा काळजीवाहकांच्या पगारासाठी राखून ठेवावा. काळजीवाहक बदलताना जुन्या आणि नव्या माणसाने किमान एक महिना एकत्र काम करावे, आणि त्या महिन्याचे दोन्ही पगार संस्थेने द्यावेत. प्रत्येक मुलाची खूण आणि सवय लिहिलेली वही त्याच्यासोबत राहावी. आणि प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत तिथे राहणाऱ्यांपैकी किमान दोघे असावेत. अनुमोदक हवा आहे. व्यासपीठावरून नको, समोरून कोणीतरी उठा.