वाचतें, पण लिहीत नाहीं

आजीनें गाइलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण घरच्या जुन्या लॅपटॉपमध्यें असतें. माहेरीं आलेल्या लेकीला त्याची तबकडी करून द्यावी, असा घरच्यांचा मनोदय असतो. कोरी तबकडी आंत जाते. यंत्र थोडा वेळ गुरगुरतें आणि लेखन झालें नाहीं, असें सांगून ती परत करतें. नवल हें, कीं जुन्या तबकड्या तेंच यंत्र सुरळीत वाजवितें. मग यंत्र धड आहे, असा सर्वांचा ग्रह होतो.

हा ग्रह पुरता खरा नव्हे. वाचतांना लेसरचा मंद किरण तबकडीवर पडून परत फिरतो, एवढेंच. लिहितांना मात्र तो कित्येक पटींनीं प्रखर होऊन तबकडीच्या पोटांतील रंगद्रव्याचा थर तापवितो व त्यांत खुणा उमटवितो. म्हणून लेसर थकला किंवा भिंगावर धूळ बसली, कीं पुष्कळदां आधीं लेखन थांबतें, वाचन मागाहून.

तरीहि ड्राइव्ह लगेच निकालांत काढूं नये. प्रथम त्यावरील चिन्ह पाहावें. कांहीं ड्राइव्ह सीडी लिहितात, पण डीव्हीडी केवळ वाचतात. मग दुसऱ्या बनावटीची कोरी तबकडी घेऊन लेखनाचा वेग कमी करावा. तेंहि निष्फळ झाल्यास लेखनाचा दुसरा प्रोग्रॅम वापरून पाहावा. सीडी लिहिली जाते, पण पूर्वीं लिहिली जाणारी डीव्हीडी आतां लिहिली जात नाहीं, असें दिसल्यास दोष बहुधा लेसरचा असतो. कारण सीडीचा किरण सुमारें ७८० नॅनोमीटरचा व अदृश्य, तर डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा व तांबडा असतो. एक मावळला तरी दुसरा चालूं शकतो. दोन्ही प्रकार नाकारले गेले, तर यूएसबीनें जोडावयाचा बाहेरचा ड्राइव्ह घेणें हाच सोपा मार्ग.

या साऱ्या खटपटीपूर्वीं मात्र एक काम उरकावें: ध्वनिमुद्रणाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. ड्राइव्ह बिघडला तर दुसरा मिळतो. पण ज्या जुन्या लॅपटॉपचा एक अवयव थकला, त्याची हार्ड डिस्कहि त्याच वयाची असते. तबकडी तयार झाल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत वाजवून पाहावी आणि मगच लेकीच्या हातीं द्यावी. रंगद्रव्यहि उन्हानें व काळानें फिकें पडतें. म्हणून मूळ प्रत पुसूं नये. आजीचा आवाज दोन घरीं असला, म्हणजे एका यंत्राच्या रुसण्यानें तो हरवत नाहीं.