प्रथिनांची घडी आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनातील भाषण)



नांदेड व लातूर येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरची मुले येऊन राहतात. त्यांत आपल्याही घरची आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु ही मुले पदार्थविज्ञान गुणांपुरतेच घोकतात. डॉक्टराला त्याचा काय उपयोग, असे पालकही विचारतात. त्याचे उत्तर आज देण्याचे आम्ही योजिले आहे.

लातूरच्या बाजारातला सोयाबीनच घ्या. कच्च्या दाण्यात पचनाला अडविणारे एक प्रथिन असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. दाणे शिजविले की माळ तुटत नाही, तिची घडी विसकटते, आणि तेवढ्याने तो अडथळा बहुतांशी दूर होतो. सामर्थ्य घडीत आहे.

ही घडी घालतो कोण? मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये, अणू एकमेकांवर चढू शकत नाहीत एवढ्या नियमावरून, माळेला कोणती वळणे शक्य आहेत ते दाखविले. पुढे लेव्हिंथाल यांनी कोडे घातले: १०० मण्यांच्या माळेत प्रत्येक मण्यास ३ स्थिती धरल्या, तरी संभाव्य घड्यांची संख्या ४८ अंकी होते. एकेक चाचपून पाहावयाचे तर युगे पुरणार नाहीत. तथापि कित्येक प्रथिने सेकंदाच्या आत घडी घेतात. पावसाचे पाणी नाना ओढ्यांनी उताराकडे धावत गोदावरीस मिळते, तशी माळही अनेक वाटांनी कमी ऊर्जेकडे ओढली जाते.

या वाटा जयंत उदगावकर यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात प्रकाशाच्या साहाय्याने अभ्यासिल्या; पुढे ते पुण्याच्या आयसरचे संचालक झाले. घडीचे अंतिम रूप वर्तविणाऱ्या संगणकीय पद्धतीस २०२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. परंतु माळ तेथवर कशी पोचते, हा शोध संपलेला नाही. अल्झायमरच्या रोगात चुकीच्या घडीची प्रथिने मेंदूत साचतात. तेव्हा उद्याच्या डॉक्टराची वाट पदार्थविज्ञानातूनच जाते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे: वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या मुलाचा जन्म वाया गेला, असे घरात कोणी बोलू नये. ज्याला पदार्थविज्ञानाची गोडी लागली, त्याला त्या वाटेने जाऊ द्यावे. रोग्याची सेवा तोही करील. त्याचे स्थान केवळ रुग्णशय्येपाशी नसेल, प्रयोगशाळेत असेल.